जुनी मैत्रीण की म्हातारी मैत्रीण? एस्पेरांतोतले जवळचे शब्द आणि आपले मराठी कान

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने एस्पेरांतो शिकायला घेतली. ती बडोद्याच्या विद्यापीठात शिकते, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहते आणि तिचे धडे मोबाईलवर, इंग्रजीतून चालतात. एका संध्याकाळी तिने शाळेतल्या मैत्रिणीवर चार ओळी लिहिल्या आणि मला वाचून दाखवल्या. पहिल्याच ओळीत ‘मालयुना आमिकीनो’ आलं. मी विचारलं, “अगं, किती वर्षांची आहे ही?”

“माझ्याएवढीच. एकोणीस.”

“मग तिला म्हातारी कशाला केलीस?”

तिच्या मनात ‘ओल्ड फ्रेंड’ होतं. कोशात ‘ओल्ड’खाली दोन शब्द दिसले, मालनोवा आणि मालयुना, आणि तिने दुसरा उचलला. ‘आमिकीनो’ म्हणजे मैत्रीण. आता ‘नोवा’ म्हणजे नवा आणि ‘युना’ म्हणजे तरुण. ‘माल’ हा उपसर्ग लावला की शब्दाचा अर्थ नेमका उलटा होतो. नव्याच्या उलट तो मालनोवा, म्हणजे जुना. तरुणाच्या उलट तो मालयुना, म्हणजे म्हातारा. इंग्रजीत या दोघांना एकच शब्द, म्हणून तिथून येणाऱ्याला हा फरक मुद्दाम पाठ करावा लागतो. मराठी माणसाला तो तान्हेपणापासून येतो. जुन्या मैत्रिणीला म्हातारी म्हणायची चूक मराठीत विचार करणाऱ्याच्या हातून होणारच नाही. भाचीची झाली, कारण ती मराठीतून एस्पेरांतोत थेट गेली नाही, मध्ये इंग्रजीत उतरून गेली.

त्या दिवसापासून मी तिच्यामागे एकच धोशा लावला आहे: शब्दाचा अर्थ इंग्रजीत बघू नकोस, मराठीत शोध. हा लेखही त्यासाठीच आहे.

एस्पेरांतो ही घडवलेली भाषा. पेशाने डोळ्यांचे डॉक्टर असलेल्या लुडविक झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं. त्यांचं बालपण बियालिस्टोकमध्ये गेलं, जिथे पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारी माणसं एकाच बाजारात वावरत आणि एकमेकांकडे संशयाने बघत. सगळ्यांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एखादी भाषा असावी, ही त्यांची तळमळ होती. व्याकरण 16 नियमांत बसवलं. नामाच्या शेवटी ओ, विशेषणाच्या शेवटी आ, मूळ क्रियापदाच्या शेवटी ई, क्रियाविशेषणाच्या शेवटी ए. पहिल्या पुस्तकातले मूळ शब्द सुमारे 900 होते. बाकीचे शब्द उपसर्ग-प्रत्यय लावून ज्याचे त्याने घडवायचे.

उच्चाराबद्दल एक सांगून ठेवते. या भाषेत दोन च आहेत, एक चमच्यातला आणि एक चहातला. कित्येकांना हा फरक समजावून सांगावा लागतो, आपण तो रोज चहात साखर ढवळताना करतो. इथे चमच्यातला च मी ‘त्स’ असा लिहिला आहे.

इतकी आखीव भाषा असेल तर एका अर्थाला एक शब्द असायला हवा. मग जवळजवळ सारख्या अर्थाचे शब्द तिथे आले कुठून? काही पहिल्यापासूनच होते, कारण ते सारखे नव्हतेच. परकी भाषा मध्ये घातली म्हणून सारखे दिसतात. ‘जाणणे’ घ्या. एस्पेरांतोत तीन शब्द आहेत: स्त्सीइ, कोनी आणि स्त्सिपोवी. इंग्रजीतून शिकणारा इथे हमखास अडखळतो. मराठीत मात्र तिघांची घरं आधीच वेगळी आहेत. गाडी किती वाजता सुटते ते मला माहीत आहे, हे स्त्सीइ. समोरच्या काकांना मी ओळखते, हे कोनी. मला पोहता येतं, हे स्त्सिपोवी. ‘मला समोरचे काका माहीत आहेत’ आणि ‘मी समोरच्या काकांना ओळखते’ यांत काय अंतर आहे हे कुणाही मराठी माणसाला विचारा. पहिल्यात नाव आणि घर ठाऊक आहे, दुसऱ्यात जाणं-येणं आहे. एस्पेरांतोत मात्र माणूस म्हटला की दोन्हीकडे कोनीच, आणि स्त्सीइ फक्त माहितीला.

काळवेळेच्या शब्दांत तर मराठीने कमाल केली आहे, आणि आपलं तिकडे लक्षच नसतं. ‘माझा वेळ गेला’ आणि ‘माझी वेळ आली’. शब्द एकच, पण पुल्लिंगी वेळ म्हणजे सरणारा, पुरणारा, वाया जाणारा काळ. स्त्रीलिंगी वेळ म्हणजे ठरलेला क्षण. आणि ‘तीन वेळा सांगितलं’ मधली वेळ ही मोजायची खेप. एस्पेरांतोत पुल्लिंगी वेळाला तेम्पो म्हणतात आणि खेपेला फोयो. घड्याळात किती वाजले हे विचारायचं तर तिसरा शब्द, होरो. तेम्पो आणि फोयो यांत घोटाळा झाला की मी भाचीला एवढंच विचारते, “तो वेळ की तीन वेळा?” लगेच सुटतं.

घराचंही तसंच. दोमो म्हणजे विटा-चुन्याचं घर. हेय्मो म्हणजे आपलं घर, जिथे परतायचं ते. मराठीत नाम एकच, पण विभक्ती बघा: ‘घरात पाणी शिरलं’ आणि ‘मी घरी आहे’. पाणी दोमोत शिरतं, आपण हेय्मोत असतो. भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगाही ‘घरी चाललो’ म्हणतो तेव्हा तो दोमोबद्दल बोलत नसतो. हा ‘घरी’ जुन्या मराठीतल्या सप्तमीचा राहिलेला तुकडा आहे आणि एस्पेरांतोतला ‘हेय्मे’ त्याच्या अगदी शेजारी बसतो. ही जोडी जमली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या प्रकारचे जवळचे शब्द प्रत्ययांतून जन्मतात. झामेनहोफ यांनी एका पत्रात लिहून ठेवलं आहे की प्रत्ययांची कल्पना त्यांना रस्त्यावरच्या पाट्या वाचताना सुचली. दोन वेगळ्या ठिकाणांच्या रशियन पाट्यांच्या शेवटी एकच शेपूट होतं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की शेपूट शिकलं की अर्धा शब्द फुकट मिळतो. दवाखाना, कारखाना, जवाहिरखाना अशा पाट्या वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एस्पेरांतोत जागेसाठी ‘एय’ हा प्रत्यय आहे: लेर्नी म्हणजे शिकणे, लेर्नेयो म्हणजे शाळा, कुइरी म्हणजे शिजवणे, कुइरेयो म्हणजे स्वयंपाकघर.

मराठीत मात्र स्वयंपाकघर, पाकशाळा आणि मुदपाकखाना हे तिन्ही शब्द आहेत. जागा एकाच कामाची, पण पहिला शब्द आईचा, दुसरा पोथीतला आणि तिसरा राजवाड्याचा. ‘घर’ आपलं, ‘शाळा’ संस्कृतातली, ‘खाना’ फारसीतला, म्हणून तीन वास. एस्पेरांतोत या कामाला प्रत्यय एकच, त्यामुळे असे फरक तिथे तयार होत नाहीत. तिथे फरक पडतो तो प्रत्यय कुठला निवडला त्यावर. दोल्चा म्हणजे गोड. दोल्चेत्सो म्हणजे गोडपणा, हा गुण झाला. दोल्चाझो म्हणजे गोडाचा पदार्थ, ही वस्तू झाली. आपल्याकडे गोडी, गोडवा, गोडपणा आणि गोडधोड आहे. अभ्यासाची गोडी लागते, आवाजात गोडवा असतो, आणि यांची अदलाबदल केली तर कानाला खटकतं. मराठीत हे रूढीने ठरलं, तिथे नियमाने ठरलं. म्हणून कधी न ऐकलेला शब्दही एस्पेरांतो शिकणारा बिनधास्त घडवू शकतो आणि समोरच्याला तो कळतो.

हसण्यावर एक तास सहज घालवता येईल. रीदी म्हणजे हसणे. रिदेती म्हणजे स्मित करणे. रिदेगी म्हणजे मोठ्याने खदखदून हसणे. रिदाची म्हणजे वाईट, ओंगळ हसणे, आपलं फिदीफिदी त्याच्या जवळ जातं. ‘एत’ प्रत्यय लहान करतो, ‘एग’ मोठं करतो, ‘आच’ नाक मुरडतो. पण लक्षात घ्या, रिदेती म्हणजे ‘थोडंसं हसणे’ नव्हे. स्मित ही कमी प्रमाणातली खदखद नसते, ती वेगळीच गोष्ट असते. वार्मा म्हणजे गरम, वार्मेता म्हणजे कोमट, वार्मेगा म्हणजे कढत. कोमट पाण्याला कुणी ‘थोडं कढत’ म्हणत नाही. प्रत्यय चिकटला की प्रमाण बदलता बदलता जातच बदलते. प्रमाणच बदलायचं असेल तर सुटं विशेषण वापरायचं. लहान आकाराचं घर म्हणायचं तर ‘मालग्रांदा दोमो’. ‘दोमेतो’ म्हटलं की टुमदार, छोटेखानी घर डोळ्यांसमोर येतं.

आता थोडा अवघड भाग, पण स्वयंपाकघरातून गेलं की सोपा होतो. एस्पेरांतोत प्रत्येक मूळ शब्दाला स्वतःचा स्वभाव असतो: कुणी जन्माने वस्तू, कुणी कृती, कुणी गुण. शेवटचा स्वर बदलला तरी हा स्वभाव आत राहतो. शिकणाऱ्यांना नेहमी दिलं जाणारं उदाहरण ब्रश आणि कंगव्याचं आहे. ‘ब्रोस’ हे मूळ वस्तू आहे. म्हणून ब्रोसो म्हणजे ब्रश आणि ब्रोसी म्हणजे ब्रशने घासणे. ‘कोंब’ हे मूळ कृती आहे. म्हणून कोंबी म्हणजे विंचरणे, आणि कोंबो म्हणजे कंगवा नव्हे, विंचरण्याची क्रिया! कंगवा हवा असेल तर साधनाचा ‘इल’ प्रत्यय लावून कोंबीलो म्हणावं लागतं. नव्या माणसाला हा निव्वळ जुलूम वाटतो. पण आपण किसतो आणि त्याची किसणी होते, चाळतो आणि चाळणी होते, गाळतो आणि गाळणी होते. कृती आधी, साधन मागून, मध्ये प्रत्यय. उलट हातोडा आधी वस्तू आहे. एस्पेरांतोतही हातोडा हा मूळचा वस्तूच, मार्तेलो, आणि त्यावरून ठोकणे ते मार्तेली. चाळणी तिथेही कृतीपासून: क्रिब्री म्हणजे चाळणे, क्रिब्रीलो म्हणजे चाळणी.

या स्वभावाचा नीट विचार रने द सोस्यूर यांनी केला. भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांचे हे भाऊ, मूळचे गणिती. त्यांचं म्हणणं असं, की शब्दात अर्थाला लागतील तेवढेच तुकडे असावेत, एकही कमी नको आणि एकही जास्त नको. गणिती माणसाला शोभेल असं हे तत्त्व आहे, आणि जवळच्या दोन शब्दांतून निवडताना आजही त्याचा उपयोग होतो. मूळातच जे आहे ते प्रत्यय लावून पुन्हा सांगितलं तर शब्द जड होतो, आणि जे मूळात नाही ते गृहीत धरलं तर कंगव्याऐवजी विंचरणं हाती येतं.

तिसऱ्या प्रकारचे जवळचे शब्द माणसांनी वापरता वापरता आणले. रुग्णालयाला एस्पेरांतोत ‘मालसानुलेयो’ म्हणतात. सोडवून बघा: साना म्हणजे निरोगी, मालसाना म्हणजे आजारी, मालसानुलो म्हणजे आजारी माणूस, आणि त्याची जागा ती मालसानुलेयो. चार तुकड्यांची ही माळ एकदा कळली की विसरत नाही. पण ‘होस्पितालो’ हाही शब्द आहे आणि तोही चालतो. कवींना तर ‘माल’ लावून लांबलेले शब्द वृत्तात बसवणं जड जाऊ लागलं, म्हणून आखूड या अर्थाच्या ‘माल्लोंगा’शेजारी त्यांनी ‘कुर्ता’ आणला, मालयुनाशेजारी ‘ओल्दा’. अर्थ तोच, पण कुर्ता म्हटलं की कवितेचा सूर लागतो आणि माल्लोंगा म्हटलं की बोलण्याचा. झामेनहोफ यांनी 1905 साली भाषेचा पाया ठरवून दिला तेव्हाच म्हटलं होतं की अधिकृतपणे नवा शब्द आला तरी जुना हाकलायचा नाही, दोघांनी शेजारी शेजारी नांदायचं आणि काळाने एकाला आपोआप मागे सारायचं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

ठरवून शब्द नेमणं आम्हा बडोदेकरांना परकं नाही. 1931 साली, सयाजीराव महाराजांच्या राज्यात, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या शब्दांना 8 भाषांमधले प्रतिशब्द त्यात एकत्र मांडले आहेत. राजा मराठी, प्रजा गुजराती, कायदे इंग्रजी आणि दफ्तरात फारसीचे अवशेष, अशा राज्यात अर्ज, विनंती आणि तक्रार यांची सरमिसळ झाली तर लोकांची कामं अडतात. पण कोशाने नेमलेला शब्द आणि माणसांच्या तोंडी रुळलेला शब्द यांच्यात नंतर जे होतं ते कुणाच्या हातात नसतं. आमच्या घरी सर्दी-खोकल्याला ‘दवाखान्यात’ जातात, कुणाला ‘हॉस्पिटलमध्ये ठेवलंय’ म्हटलं की सगळे उठून उभे राहतात, ‘रुग्णालय’ पाटीवर आणि वर्तमानपत्रात असतं, आणि ‘इस्पितळ’ आजीबरोबर गेलं. हे कुणीही ठरवलेलं नाही. मालसानुलेयो आणि होस्पितालो यांच्यातही वापराने असंच अंतर पडत जातं, आणि ते कोश वाचून नाही, माणसांचं बोलणं ऐकून कळतं.

मराठी कान सगळीकडे तारतो असं मात्र नाही. जिथे आपल्याच भाषेचा शब्द ऐसपैस आहे तिथे आपण चुकतो. ‘पाहिजे’ बघा. मला चहा पाहिजे, या कामाला दोन माणसं पाहिजेत, औषध वेळेवर घ्यायला पाहिजे. एस्पेरांतोत पहिली इच्छा म्हणून वोली, दुसरी गरज म्हणून बेझोनी, तिसरं कर्तव्य म्हणून देवी. आणि बडोद्यात तर गुजरातीही आपल्या मदतीला येत नाही, कारण तिथला ‘जोईए’ याच तिन्ही ठिकाणी धावतो. गंमत म्हणजे ‘पाहिजे’च्या मुळाशी पाहणं आहे आणि ‘जोईए’च्या मुळाशी ‘जोवुं’, तेही पाहणंच. दोन्ही भाषांनी बघण्यातून गरज काढली. म्हणून इथल्या मुलांना वोली, बेझोनी आणि देवी हे त्रिकूट सावकाश शिकवावं लागतं. मी भाचीला ‘पाहिजे’ काढून टाकायला सांगते: हवंहवंसं वाटतंय, की त्याशिवाय अडतंय, की करणं भाग आहे? उत्तर येईल तो शब्द घ्यायचा. ‘लागणे’चं तर विचारूच नका. तहान लागते, वेळ लागतो, दार लागतं, आग लागते, आणि तिथे या प्रत्येकाची वाट निराळी आहे.

दुसरा खड्डा वाक्याच्या बांधणीत आहे. दिसणे आणि बघणे, ऐकू येणे आणि ऐकणे हे फरक आपल्याकडे लख्ख आहेत, आणि एस्पेरांतोतही विदी आणि रिगार्दी, औदी आणि औस्कुल्ती तसेच वेगळे आहेत. अर्थाची जोडी चोख जमते. पण आपण ‘मला दिसतं’, ‘मला पोहता येतं’ म्हणतो, आणि तिथे ‘मी विदास’, ‘मी स्त्सिपोवास’, म्हणजे कर्ता सरळ पुढे उभा असतो. भाचीने एकदा ‘मला’ आणायला ‘आल मी’ लावलं होतं. मराठीतून अर्थ घ्यायचा, विभक्ती घ्यायची नाही.

आणि काही ठिकाणी एस्पेरांतोच तोकडी पडते. काका आणि मामा दोघेही तिथे ओंक्लो. दीर, मेहुणा, भावोजी, सगळे बोफ्रातो. तू, तुम्ही आणि आपण यांना व्यवहारात एकच ‘वी’. आम्ही आणि आपण यांना एकच ‘नी’, म्हणजे ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे हे शब्दावरून कळत नाही. काका आणि मामा एकाच शब्दात बसवताना मला अजूनही अपुरं वाटतं. पण सोय आहे: वडील ते पात्रो, भाऊ तो फ्रातो, आणि ‘पात्रोफ्रातो’ असा जोडशब्द केला तर व्याकरण अडवत नाही, ऐकणाऱ्यालाही कळतो. घरातल्या माणसांबद्दल लिहिताना भाची आता तोच वापरते.

गेल्या आठवड्यात तिने आजीच्या मैत्रिणीवर लिहिलं. मांडवीपलीकडे राहतात त्या. पहिलीपासून आजीच्या वर्गात, आता दोघी ऐंशीच्या पुढे. भाचीने वही माझ्यापुढे केली. आमिकीनोच्या आधी मालनोवा होतं, स्वल्पविराम होता, आणि मग मालयुना. “मावशी, या खेपेला दोन्ही लागतील ना?” मी म्हटलं, लागतील. तिने खोडरबर परत पेटीत ठेवलं आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.